पाठ केलेली सायकल

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षेची तयारी करणारा आपला एक माजी विद्यार्थी परवा भेटावयास आला होता. त्या परीक्षेच्या संभाषणात परीक्षक ११ ते १४ मिनिटे समोर बसून बोलतो आणि आरंभी घर, गाव, छंद अशा साध्याच गोष्टी विचारतो. मी इंग्रजीतून विचारले, "लहानपणी तुझी सायकल होती का?" त्याने घडाघडा म्हणून दाखविले: सहाव्या वाढदिवसाची निळी सायकल, बागेतील फेरफटका, शिवाय पर्यावरणाचे रक्षण!

"निळीच का?" म्हणताच स्वारी गप्प.

हा मुलगा वडिलांच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, अंग वाकडे करून शिकलेला. एकदा मांडवीपाशी तो भाजीच्या हातगाडीत शिरला, तेव्हा वांगी गोळा करावयास मीही होतो!

परीक्षेत गुण असतात ते ओघाला, शब्दसंपत्तीला, व्याकरणाला आणि उच्चाराला. निळ्या रंगाला नव्हे. मग स्वतःचे बालपण टाकून दुसऱ्याचे का घोकावे? माझ्या मते आपली हकीकत आधी घरी मराठीतून रंगवून सांगावी, मगच इंग्रजीकडे वळावे. व्याकरणाच्या चुका शिक्षक सुधारतील. वांगी मात्र त्यांना पुरविता येणार नाहीत.

त्याने ती फजिती इंग्रजीतून सांगितली. अडखळला, पण थांबला नाही. हातगाडीला काय म्हणतात, एवढेच त्याला विचारावे लागले.