लागलं, पण सांगितलं नाही

‘खेळ म्हटला की लागायचंच!’ आपल्या पटांगणावर कोणी पडले की हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणणारा ते धीर देण्यासाठी म्हणतो आणि ऐकणारा कपडे झटकून उठतो. गेल्या वर्षी मीही अशीच उठले होते. आज मला वाटते, की ह्या एका वाक्याने आपल्यातल्या हौशी खेळाडूंचे जेवढे नुकसान केले असेल, तेवढे पटांगणातल्या खाचखळग्यांनीही केले नसेल.

मी यवतची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आप्पा गुऱ्हाळावर चुलाणाला जाळ घालतात, आई लोकांच्या रानात खुरपायला जाते. शाळेत मी लंगडी आणि खो-खो खेळले, तेही मातीत आणि अनवाणी. बास्केटबॉल हातात आला तो इथे, पहिल्या वर्षी. आम्ही सात-आठजणी खेळतो. विद्यापीठाच्या संघात जाईल अशी आमच्यात एकही नाही. शेवटचा तास संपल्यापासून साडेचारची एस. टी. येईपर्यंत जो अर्धा तास मिळतो, तेवढाच आमचा खेळ. पण त्या अर्ध्या तासात मी कोणाची मुलगी नसते, कोणाची नात नसते. त्याची किंमत ज्याला कळते त्यालाच कळते.

तर गेल्या वर्षी, बोर्डावरून परतलेला चेंडू पकडायला मी उडी मारली आणि उतरले ती मैत्रिणीच्या पायावर. उजवा घोटा आत वळला. खाली बसले. वरचे वाक्य कानावर आले. उठले, उरलेली दहा मिनिटे खेळले आणि एस. टी.साठी धावलेसुद्धा! घरी सांगितले, की गाडीतून उतरताना पाय मुरगळला. खरे सांगितले असते तर खेळ त्याच दिवशी बंद झाला असता. आजीने मायेने तेल कोमट केले आणि रात्री अर्धा तास घोटा चोळून दिला. सकाळी चप्पल पायात जाईना.

आमच्या गावाला पाय चोळण्याचे मोठे पुण्य आहे. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून दिवसभराची वाट तुडवत यवतला मुक्कामाला येते. भैरवनाथाच्या देवळात पिठलं-भाकरीचा प्रसाद होतो, आणि गावातली माणसे ओळख ना पाळख अशा वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. आजीने जन्मभर हेच केले. थकलेल्या पायाला तेल आणि ऊब लाभते, ह्यात शंका नाही. पण थकलेला पाय वेगळा आणि दुखावलेला पाय वेगळा. घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात, काही वेळा फाटतात, आणि आत रक्तस्राव होतो. अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे म्हणजे त्या रक्तस्रावाला वाट करून देणे. तिथे हवी असते विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, ताणपट्टी आणि उशीवर उंच ठेवलेला पाय. दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेने दाबल्यावर दुखले, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आजीची माया खोटी नव्हती. मी तिला खरे सांगितले असते, तरी तिने तेलच लावले असते. कारण हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि मलाही.

दहाव्या दिवशी मी पुन्हा खेळायला उतरले. त्यानंतर तीन आठवड्यांनी तोच घोटा पुन्हा वळला. ह्या वेळी कोणाच्या पायावर पाय नव्हता, धक्काही नव्हता. नुसती धावत होते. मग मात्र दोन महिने गेले.

ह्याला मी दुर्दैव म्हणत होते. पुढे ग्रंथालयातल्या संगणकावर एक शोधनिबंध वाचायला मिळाला आणि माझे मत बदलले. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २००१ साली तो प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल आणि हौशी अशा दोन्ही प्रकारच्या बास्केटबॉल खेळाडूंची त्यात पाहणी आहे. दर हजार सहभागांमागे घोट्याच्या दुखापती चारच्या आत, ३.८५, भरल्या. म्हणजे हा खेळ काही जीवघेणा नव्हे. जवळजवळ निम्म्या दुखापती माझ्यासारख्याच, उडीनंतर खाली उतरताना झालेल्या. आणि कारणे? घोट्याला पूर्वी दुखापत झालेल्यांना पुन्हा ती होण्याचा धोका जवळजवळ पाचपट. खेळण्यापूर्वी स्नायू ताणण्याचे व्यायाम न करणाऱ्यांना अडीचपटीहून अधिक. टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट घालणाऱ्यांना चारपटीहून अधिक! तेव्हा भारी बूट नाहीत म्हणून आपण पडतो, अशी समजूत असणाऱ्या माझ्यासारखीने ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच निबंधातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. दुखापत झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खेळाडूंनी तज्ज्ञाकडून उपचारच घेतले नव्हते. म्हणजे लपवणारी मी एकटी नव्हते.

आता ही दोन कारणे शेजारी ठेवून पाहा. सर्वांत मोठा धोका कोणता, तर जुनी, नीट बरी न झालेली दुखापत. आणि ती बरी का होत नाही, तर आपण ती सांगत नाही म्हणून. मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरली तरी तोल सावरण्याची त्याची जाणीव मंदावलेली असते. ती परत मिळवायला एका पायावर उभे राहण्यासारखे साधे व्यायाम आठवडेच्या आठवडे करावे लागतात. ज्याने दुखणे सांगितलेच नाही, त्याला हे कोण शिकवणार?

आपण सांगत का नाही? मुलांना वाटते, रडका म्हणतील. मुलींना वाटते, घरी बसवतील. आणि आमच्यासारख्या घरांत ह्याहून जुने एक कारण आहे. उकळत्या काहिलीतला रस उडून आप्पांच्या हातावर कितीतरी डाग पडले आहेत. प्रत्येक वेळी त्यांनी चिंधी गुंडाळली आणि ते चुलाणापाशी परतले. रोजंदारीच्या घरात दुखणे सांगणे म्हणजे खाडा सांगणे. ते न सांगण्याचे वळण मला घरीच लागले. दुसऱ्यांदा घोटा वळल्यावर मी आप्पांना खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “कामात लागलं तर इलाज न्हाई. पर खेळात कशाला लागून घ्यायचं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. आप्पांचे अर्धे म्हणणे खरे आहे. पाय हे आमचे भांडवल आहे. आमच्यातल्या दोघी पोलीस भरतीची तयारी करतात. तिथे मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मोडका घोटा घेऊन ती धाव कशी पुरी व्हायची? पण म्हणून खेळच सोडायचा, हे काही मला पटत नाही. बास्केटबॉल १८९१ मध्ये अमेरिकेत जन्मला आणि १८९२ मध्ये तिथल्या स्मिथ कॉलेजात मुली तो खेळूही लागल्या. तिथल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन ह्यांनी त्यांच्यासाठी मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग ओलांडायचा नाही, असा नियम. हेतू हा, की मुलींची फार दमछाक होऊ नये. त्या काळाला ते धरून होते. आज त्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, पण विचार अजून पुसला गेलेला नाही. मुलीला जपायचे म्हणजे तिला अडवायचे! मला वाटते, जपायचे म्हणजे तयार करायचे. उडीनंतर उतरताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे खरे. पण दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि ते आत झुकू न देता उतरण्याचा सराव करता येतो. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सुमारे वीस मिनिटांचा असा पूर्वव्यायाम नियमाने दिला, तेव्हा एकूण दुखापतींचा धोका जवळजवळ एकतृतीयांशाने कमी झाल्याचे २००८ साली दिसून आले. त्याला बूट लागत नाहीत, यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वेळ.

आणि वेळ तर आपल्यापाशी नाही! अर्ध्या तासातली वीस मिनिटे व्यायामात गेली तर खेळायचे कधी, असे मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपण सारे खेड्यांवरून येणारे, आपले पाय मातीत घडलेले आणि मैदान सिमेंटचे. वर्गात सहा तास बसून उठायचे आणि थेट उडी मारायची, ह्याला घाई म्हणतात. संघातल्या खेळाडूंना निदान सराव असतो. आपण हौशी, म्हणून आपल्याला तयारीची गरज कमी, हा हिशोब उलटा आहे.

म्हणून प्राध्यापकांकडे आणि जिमखाना समितीकडे माझे तीनच गोष्टींचे मागणे आहे. पहिली, शेवटचा तास आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटे आधी सुटावा आणि ती वीस मिनिटे पूर्वव्यायामाला मिळावीत. दुसरी, बर्फ आणि ताणपट्टी हाताशी असावी. तिसरी, एक साधी वही असावी. कोणाला, कुठे, कशाने लागले, आणि तो पुन्हा कधी खेळायला उतरला, एवढे तिच्यात लिहावे. वर्षाअखेर ती वहीच सांगेल, की आपण कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात आणि कोणत्या घाईने पडतो.

ती वही येईपर्यंत मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. अर्ध्या तासातली पहिली बारा मिनिटे तयारीची, उरलेली खेळाची. आजीनेही एक कबूल केले आहे, की पाय सुजलेला असेल तर तेलाची वाटी खाली ठेवायची. आप्पांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. पण परवा मी पटांगणावरून लंगडत आले नाही, हे त्यांनी दारातूनच पाहिले, आणि ‘आज खेळलीस का?’ असे त्यांनी पहिल्यांदाच आपण होऊन विचारले.