जुगाड म्हणू नका

शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना आमच्याकडचा एक शब्द फार आवडतो. जुगाड. जुन्या टायरची कोंबड्यांना पाणी प्यायची परात केली, जुगाड. फवारणीच्या पंपाचा दांडा मोडला, बाभळीचा बसवला, जुगाड. गेल्या मार्गशीर्षात आम्ही गोठ्यापुढं पिकअपचा मॅनिफोल्ड उतरवून बसलो होतो, तेव्हा पुण्याहून हुरड्याला आलेले एक स्नेही मोबाइलवर फोटो काढत म्हणाले, "वा मास्तर, काय जुगाड चाललाय!" माणूस मनाचा चांगला. त्यांना चहा दिला, हुरडा दिला, जाताना कोथिंबिरीच्या दोन जुड्याही दिल्या. पण तो शब्द घशात अडकला तो अडकलाच.

कारण त्या गाडीवर जुगाड झाला होता, पण तो आम्ही केलेला नव्हता.

घडलं ते असं. आमचा पुतण्या पिकअप चालवतो. संध्याकाळी आसपासच्या वाड्यांतली मेथी-कोथिंबीर भरायची, माळशेज उतरायचा, रात्रीच कल्याणचा बाजार गाठायचा. दिवाळीनंतर गाडी सकाळी चालू केली की टक-टक-टक असा आवाज यायला लागला. इंजिन तापलं की आवाज दबायचा. हमरस्त्यावरचा एक फिटर म्हणाला टॅपेट वाजतायत, आणि टॅपेट सेट करायचे पैसे घेतले. आवाज तसाच. दुसऱ्यानं बरोबर ओळखलं, मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय म्हणाला. ओळखलं बरोबर आणि काम केलं चुकीचं. पॅकिंग न बदलता वरून नळीतलं काळं सोल्यूशन भरलं आणि नट हाताच्या जोरावर आवळले. तीन आठवड्यांत पुन्हा टक-टक. जुगाड म्हणायचंच तर त्याला म्हणा. पाटी लावलेल्या दुकानात, पैसे घेऊन केलेला.

एव्हाना गाडीची ओढ गेली होती. मागं धुराचा काळा लोट. यात काही गूढ नाही. आमच्या गाडीत टर्बो मॅनिफोल्डलाच टांगलेला आहे. इंजिनातून जोरानं निघणाऱ्या धुरावर टर्बोचं चाक फिरतं आणि ते इंजिनाला जादा हवा कोंबतं. धूर आधीच फटीतून निसटला तर चाक ढिलं फिरणार, हवा कमी पडणार, डिझेल अर्धवट जळणार. पण मला त्या ओढीपेक्षा दुसरी गोष्ट झोपू देत नव्हती. पुतण्या सकाळी परत आला की डोकं धरून बसायचा. "आप्पा, थंडीच्या काचा लावल्या की डोकं जड पडतं." इंजिनाशेजारी निसटलेला धूर केबिनच्या हवेच्या वाटेनं आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डिझेलच्या गाडीत तो पेट्रोलइतका नसतो हे खरं, पण माळशेजच्या वळणांवर मध्यरात्री डोकं जड झालेला तेवीस वर्षांचा पोरगा, एवढं मला पुरे होतं.

मग सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, गार पाण्याचं मशीन, टाय लावलेला मुलगा. त्यानं गाडीचं बॉनेटही नीट उघडलं नाही. "काका, मॅनिफोल्ड आणि टर्बोची असेंब्ली बदलावी लागेल. ४१ हजारांपर्यंत जाईल. गाडी १० दिवसांनी आणा, आत्ता बे रिकामा नाही." मी म्हटलं, टर्बो चांगला आहे, दांडा हलत नाही, तेल टाकत नाही, पुतण्यानं पाहिलंय. "आम्ही सुटं करत नाही, काका." बरं, मग आम्ही घरी करतो, मॅनिफोल्डच्या नटांना टॉर्क किती द्यायचा तेवढं सांगा. त्यावर तो हसला. "ते आतलं असतं. आणि घरी करू नका, रिस्क असते."

रिस्क! तोच धूर खात आणखी १० रात्री घाट उतरायचा, त्यात याला रिस्क दिसेना. आम्ही दोघं-तिघं माणसं दिवसाउजेडी, थंड इंजिनावर, पाना घेऊन बसणार, त्यात दिसली.

ही "आतलं असतं"ची भाषा मी आधी ऐकलेली नव्हती. मी वाढलो ते विहिरीवरच्या ऑइल इंजिनाजवळ. दादा, म्हणजे आमचे वडील, चौथी शिकलेले. दसऱ्याच्या आत ते इंजिन खोलायचे. हेडला भेग आहे का पाहायची तर रॉकेल लावायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. भेगेत मुरलेलं रॉकेल खडूवर काळ्या केसासारखं उमटायचं. कागदी पॅकिंग विकत आणत नसत. जाड कागद त्या भागावरच धरायचा आणि कडेकडेनं हातोडीचे बारीक ठोके द्यायचे, आकार आपोआप कापला जायचा. आणि इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेतले आकडे त्यांनी इंजिनखोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवले होते. फट किती, तेल किती, कुठला नट आधी. आकडा भिंतीवर असायचा. कुणीही वाचावा.

दादांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आणि ते जुनं पॅकिंग कोरडं खरवडून फुंकर मारून भुकटी उडवत. ती भुकटी फुप्फुसात बसते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. शेवटची वर्षं खोकल्यात गेली. तंबाखूही होती, त्यामुळे एकाच गोष्टीला दोष देत नाही. पण घरी काम करणाऱ्याला धोका असतो म्हणता ना, तर तो धोका काय आहे ते सांगायचं कुणाचं काम होतं?

सर्व्हिस सेंटरहून आलो आणि दाजींना फोन लावला. आमचे दाजी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते शनिवारी त्यांचा टॉर्क पाना जुन्या धोतरात गुंडाळून घेऊन आले. आल्या आल्या म्हणाले, "घाई करायची असंल तर मी चहा पिऊन जातो."

पहिला दिवस नुसता तेल पाजण्यात गेला. तापून-निवून गंजलेले नट कोरडे ओढले की स्टड तुटतो. दर दोन तासांनी गंजाचं तेल सोडायचं, नटावर हलके ठोके द्यायचे. दुसऱ्या दिवशी पाना लावला तोही थोडा उलटा, थोडा सुलटा. सात नट आले. आठवा, अगदी मागचा, केबिनच्या भिंतीला चिकटलेला, तो स्टडसकट तुटला. पुतण्याचा चेहरा पडला. दाजी म्हणाले, "रडतो काय? बॅटरीच्या तारा काढ." ट्रॉलीच्या कामासाठी आमच्याकडं वेल्डिंग मशीन आहे. तुटक्या स्टडवर नवा नट ठेवून आतल्या भोकातून वेल्डिंग केलं. त्या उष्णतेनं स्टड सैल होतो आणि नट धरायला डोकं मिळतं. दोनदा वेल्डिंग निसटलं, तिसऱ्यांदा स्टड सुतासारखा फिरत बाहेर आला. बॅटरीच्या तारा आधी काढल्या नसत्या तर गाडीचा कॉम्प्युटर जळला असता, हे एवढ्यासाठी सांगतो की ज्याला जुगाड म्हणतात तो इथंच गाडी संपवतो.

मॅनिफोल्ड उतरला. तो बिडाचा. खडू लावल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मध्ये केसाएवढी भेग उमटली. गावातला वेल्डर म्हणाला, "मास्तर, चारशेत भरून देतो." नाही म्हटलं. साध्या रॉडनं भरलेलं बीड टाक्याशेजारीच पुन्हा फुटतं. नाना पेठेतून नवा मॅनिफोल्ड आणला, पॅकिंगचा सेट, आठही स्टड, नट, टर्बोच्या तेलाच्या नळीचे तांब्याचे वॉशर. सगळं मिळून ९ हजारांच्या आत. आणि तिथल्याच दुकानदाराच्या गल्ल्याखाली कंपनीच्या मॅन्युअलची कळकट झेरॉक्स निघाली. त्यात तो आकडा होता. दोन अंकी, शाईनं अधोरेखित केलेला. काचेच्या दारामागं "आतला" असलेला आकडा नाना पेठेत गल्ल्याखाली पडून होता. दाजींनी स्टडच्या जाडीवरून अंदाज सांगितला होता, तो थोडाच चुकला होता. पण अंदाज तो अंदाज. मला आकडा हवा होता.

नव्या मॅनिफोल्डच्या तोंडावरही पट्टी धरून फिलर गेज घालून पाहिलं. हेडचा फेस घासून साफ केला तो पाणी मारून, ओला. भोकांत चिंध्या कोंबल्या आणि मोजून कोंबल्या, कारण एखादा वॉशर आत गेला की तो टर्बोच्या चाकात जातो. पॅकिंग पत्र्याच्या थरांचं होतं, ते कोरडंच बसवलं, सोल्यूशनचा थेंब नाही. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. पुतण्यानं सवयीनं कडेचा नट आधी आवळायला घेतला तर दाजींनी हातावर चापट मारली. कडेनं आवळलं की मधे पोट राहतं.

हा पुतण्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड करून आलेला आहे. वर्षभर एका सर्व्हिस सेंटरात होता. तिथं त्यानं काय केलं? जुनी असेंब्ली काढायची, नवी लावायची, जुनी कोपऱ्यात टाकायची. भेग कशी शोधतात हे त्याला चौथी शिकलेल्या आजोबांच्या खडूनं शिकवलं. हे मी कौतुकानं सांगत नाही, चिडून सांगतो. सरकारनं दोन वर्षं शिकवलेलं ज्ञान दुकानानं एका वर्षात विसरायला लावलं, आणि पगार कसला, तर हेल्परचा.

कायदा झोपलेला आहे असंही नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या कारागिरांना खुली मिळू देत नाहीत, हेच कारण. कंपन्या वरच्या दारी गेल्या. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही धरली. पण आमच्या तालुक्याच्या काचेच्या दारात पोचेपर्यंत या सगळ्याचं "आम्ही सुटं करत नाही, काका" एवढंच होतं.

आणि नुसत्या कंपन्यांना शिव्या देऊन मी सुटणार नाही. आमच्या वाडीतच माझ्या मागं बोलले, मास्तरला पेन्शन आहे, तरी कवडी सोडवत नाही. हात काळे झाले की इभ्रत जाते, ही समजूत शहरानं आम्हाला दिलेली नाही, ती आम्ही मेहनतीनं कमावली. शाळेत ३१ वर्षं मीही पोरांना हेच सांगत आलो, शिका, नाहीतर गॅरेजात पाने उचलावे लागतील. किती वेळा सांगितलं! आज त्या वाक्याची लाज वाटते.

सगळंच घरी करावं असं माझं म्हणणं नाही. डिझेलचा पंप, इंजेक्टर, एअरबॅग यांना आम्ही हात लावत नाही, लावणारही नाही. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळतं त्याला कारागीर म्हणतात. जुगाड्याला तेवढंच कळत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी चालू केली. टक-टक नाही. दाजींनी मॅनिफोल्डच्या कडेनं लांबून हात फिरवून पाहिला, कुठं फुंकर लागते का. लागली नाही. इंजिन तापवलं, रात्रभर निवू दिलं, सकाळी पुन्हा पाना लावून बघितलं, दोन नट किंचित आत गेले. त्या रात्री पुतण्या कोथिंबीर घेऊन गेला आणि सकाळी आल्या आल्या न झोपता वैरण कापायला लागला. डोक्याचं मीच विचारलं. "कुठं काय," म्हणाला.

मॅनिफोल्डचा आकडा आता इंजिनखोलीच्या भिंतीवर दादांच्या आकड्यांखाली आहे, ऑइलपेंटनं. त्याखाली क्लचची जागा रिकामी सोडलीय. येत्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स उतरवायचा आहे, दाजींनी तारीख दिली आहे. आकडा अजून मिळालेला नाही. टायवाल्या मुलाला पुन्हा एकदा विचारून येणार आहे.