एकमुखी सत्ता व जबाबदार सत्ता

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत मोठ्या हौसेनें बोललें जातें. पक्षांच्या भांडणांत देशाचें मातेरें होत आहे; तेव्हां लोकांनीं एकच कर्तबगार पुरुष थेट निवडावा, पांच वर्षें कारभार त्याच्या हातीं द्यावा व मध्यें कोणीं त्याचा हात धरूं नये, म्हणजे सर्व कांहीं सुरळीत होईल! हें मत मांडणारे लोक अडाणी नव्हेत. त्यांतील पुष्कळ आमचे स्नेही आहेत. परंतु स्नेहाखातर चुकीच्या मताची भीड धरणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्याला हे गृहस्थ खंबीर नेतृत्व म्हणतात, तें पुष्कळदां जाब देण्यांतून सुटका करून घेण्याचेंच दुसरें नांव असतें.

हा वाद नवा नाहीं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा घटनासमितीपुढें मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं त्याचा ऊहापोह केला होता. लोकशाहींतील कार्यकारी सत्तेस स्थैर्य हवें व जबाबदारीही हवी. अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतींत जबाबदारी अधिक. दोन्ही सारख्याच प्रमाणांत साधणारी पद्धति अद्याप सांपडलेली नाहीं. म्हणून मसुद्यानें जबाबदारीस अग्रमान दिला, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. निवडणुकीच्या वेळीं होणारी परीक्षा दोन्हीकडे आहे. प्रश्न, ठराव व चर्चा यांच्या द्वारें रोज होणारी परीक्षा मात्र संसदीय पद्धतींतच आहे.

या भेदाचें प्रत्यंतर इतिहासांत आहे. १८६८ सालीं जॉन्सन, १९९८ सालीं क्लिंटन आणि २०१९ व २०२१ सालीं ट्रम्प यांच्यावर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें महाभियोग आणला. सेनेटनें त्यांपैकीं एकासही दोषी ठरविलें नाहीं. १९७४ सालीं निक्सन गेले, पण ते स्वतः राजीनामा देऊन गेले. उलट, १७ एप्रिल १९९९ रोजीं वाजपेयींचें मंत्रिमंडळ लोकसभेंत अवघ्या एका मतानें पडलें. यास कोणी दुबळेपणा म्हणतील. आम्ही म्हणतों कीं, आपण उद्यां पडूं शकतों ही जाणीवच सत्ताधाऱ्यास ताळ्यावर ठेवते.

‘पण हीं मतें फोडलीं जातात, त्याचें काय?’ असें आम्हांस विचारण्यांत येतें. प्रश्न रास्त आहे. २०१९ नंतर महाराष्ट्रानें पक्षफुटीचे जे खेळ पाहिले, त्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु कांहीं प्रतिनिधि निष्ठा बदलतात म्हणून सर्वच प्रतिनिधींचा जाब विचारण्याचा हक्क काढून घेणें, हा उपाय डोकें दुखतें म्हणून डोकेंच उतरविण्यासारखा आहे.

हा वाद दिल्लीपुरताच आहे, असेंही कोणीं समजूं नये. नंदुरबार जिल्ह्यांतील धानोऱ्यासारख्या गांवापर्यंत तो केव्हांच पोंचला आहे. २०१७ सालीं महाराष्ट्रांत सरपंच थेट लोकांनीं निवडावा असा कायदा झाला; २०२० सालीं दुसऱ्या सरकारनें तो फिरविला; २०२२ सालीं तिसऱ्यानें तो पुन्हां आणला. पांच वर्षांत तीन वेळां बदललेल्या नियमास तत्त्व म्हणावयाचें कीं सोय? थेट निवडणुकीस आमचा मुळींच विरोध नाहीं. मात्र २०१७ च्या सुधारणेनें अशा सरपंचावर पहिलीं दोन वर्षें व शेवटचे सहा महिने अविश्वासाचा ठराव आणण्यास मनाई केली. एरवीं तो आणावयाचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत व वर ग्रामसभेची मान्यता हवी. ज्यांनीं निवडलें त्यांनींच काढावें, हें न्याय्यच आहे. पण ज्या ग्रामसभेनें निवडलें, तिलाही दोन वर्षें मुकाट्यानें पाहत बसावयास लावणें हा कोणता न्याय?

सुदैवानें जाब विचारण्याचें दुसरें साधन कायद्यांत आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. अशा क्षेत्रांसाठीं १९९६ सालीं जो पेसा कायदा झाला, त्यानें पंचायतीस विकासकामांवरील खर्चाचा दाखला ग्रामसभेकडून घेणें बंधनकारक केलें. मोलमजुरी करणाऱ्या बाईनें उभें राहून ‘रस्त्याचे पैसे कोठें गेले?’ असें विचारावें व उत्तर पटल्यावांचून दाखला देऊं नये, एवढें सामर्थ्य त्या एका कलमांत आहे. हिशेब मोठ्यानें वाचला गेला व दाखला खरोखर तपासून दिला गेला, तर कितीही बळकट सरपंच बेफाम होणार नाहीं. मात्र तोच दाखला कोऱ्या कागदावरील अंगठ्यांनीं तयार होऊं लागला, तर सरपंच कोणत्याही पद्धतीनें निवडा, गांव नागवलें जाणारच.

शहरांतील पदवीधरास आपल्या नगरसेवकास असें समोर उभें करून विचारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आणि आला तरी तो सभेस जात नाहीं. असा मनुष्य घरांत बसून ‘देशाला एक खंबीर पुरुष हवा’ म्हणतो, तेव्हां त्याला पुरुषार्थ नको असतो. स्वतःच्या नागरिकत्वाच्या कष्टांतून सुट्टी हवी असते. अशी सुट्टी देणारा पुढारी सहज मिळतो. पण ती एकदां दिली, कीं परत कामावर येण्याचा दिवस मग आपल्या मर्जीनें ठरत नाहीं.