सेमिनरी गेली, भजने राहिली

घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की तिथे १९५३ ते १९८३ या काळात देशभरातले ख्रिस्ती धर्मोपदेशक घडत होते? ती युनियन बिब्लिकल सेमिनरी. पुढे डॉ. सफीर अथ्याल तिचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. मग संस्थाच पुण्याला गेली. जिल्ह्याच्या इतिहासात तिला चार ओळी तरी मिळायला हव्यात.

पण सेमिनरीपेक्षाही ख्रिस्ती परंपरेतून मराठी मनात खोल रुजले ते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकच. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेऊनही या कोकणस्थ कवीने अभंगाची वाट सोडली नाही. (ही त्यांची हुशारी नव्हे, स्वभावच!) १९१९मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते, पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

आजही मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची भजने गायली जातात.