प्रश्न कोण काढतो?

'सामान्य ज्ञान' हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला सामान्य माणूस कोण, हे कुणी सांगत नाही. विम्बल्डन कोणत्या साली सुरू झालं, हे सामान्य ज्ञान. कोणत्या नटीला कितवं ऑस्कर मिळालं, हेही सामान्य. पण गटारात उतरलेला माणूस कोणत्या वायूने गुदमरून मरतो, हे काही सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात सापडत नाही. हायड्रोजन सल्फाइड. वस्तीतल्या पोराला हे नाव ठाऊक नसेल, पण त्याचा वास ठाऊक असतो. वासाला मार्क नाहीत.

इंग्रजीत ह्या खेळाला ट्रिव्हिया म्हणतात. शब्द मुळात लॅटिन. तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा. तिठ्यावर ऐरेगैरे जमतात, म्हणून तिथलं ते क्षुल्लक, असा अर्थ रुजला. भाषासुद्धा कुणाच्या माडीवरून बोलते ते बघा.

कुणी म्हणेल, अरे बाबा, हा छंद आहे. लोक घरबसल्या दहा प्रश्न काढतात, मोबाईलवरून मित्रांना धाडतात, उत्तरं जुळवतात, खूश होतात. ह्यात कुठे आणता तुमचं राजकारण? मलाही हा खेळ आवडतो. म्हणूनच त्याच्या इतिहासातल्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्या कागदोपत्री नोंदलेल्या आहेत.

पहिली १९५६ ची. 'ट्वेंटी-वन' नावाचा टेलिव्हिजनवरचा प्रश्नांचा कार्यक्रम. हर्बर्ट स्टेम्पल हा न्यूयॉर्कचा ज्यू तरुण. सैन्यातून आलेला, सरकारी कॉलेजात शिकणारा. डोकं तल्लख. पण कार्यक्रमवाल्यांना त्याचं डोकं नको होतं, गरीब माणसाचं सोंग हवं होतं. त्याला ढगळ सूट घालायला लावला. केस बारीक कापायला लावले. काचेच्या खोलीत उभं राहून घाम कसा टिपायचा, तेही शिकवलं. आणि उत्तरं आधीच पुरवली.

पुढे लोक ह्या चेहऱ्याला कंटाळतील असं मालकांना वाटलं. मग आणला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, गोरागोमटा, घरंदाज. बाप पुलित्झर पारितोषिक मिळवलेला कवी. स्टेम्पलला हुकूम झाला, आता हर. प्रश्न होता १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा. उत्तर 'मार्टी'. ब्रॉन्क्समधल्या एका साध्या खाटकाची गोष्ट. स्टेम्पलने तो सिनेमा तीनदा पाहिलेला, त्याच्या काळजाचा सिनेमा. तरी त्याला चुकीचं उत्तर द्यायला लावलं. 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हण, असं बजावलेलं. तो म्हणाला. हरला.

दोस्तांनो, हे नीट वाचा. येत असलेलं उत्तर चुकीचं सांगायला लावणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. वर्गात मागच्या बाकावर बसून, उत्तर येत असूनही हात वर न करणारी आपली किती पोरं होती, आठवा.

व्हॅन डोरेन 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. एक लाखाहून जास्त डॉलर त्याने जिंकले. त्यालाही उत्तरं पुरवलेली होती, पण घराणं पाहून कुणाला संशय आला नाही. स्टेम्पल ओरडून सांगत होता की हे सगळं ठरवून चाललंय, तर त्याला जळकुटा ठरवलं, डोकं फिरलेला ठरवलं. शेवटी उपयोगी पडला कागद. जेम्स स्नॉडग्रास नावाच्या दुसऱ्या स्पर्धकाने आधी मिळालेली उत्तरं लिहून, पाकीट बंद करून, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे ते पाकीट फोडलं. तारखेचा शिक्का कार्यक्रमाच्या आधीचा. खेळ खलास. त्याच साली व्हॅन डोरेनने कबुली दिली आणि १९६० मध्ये असली लबाडी गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तोंडी तक्रार हवेत जाते, शिक्क्याचा कागद टिकतो. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरी गोष्ट मालकीची. १९७९ मध्ये कॅनडातल्या क्रिस हॅनी आणि स्कॉट ॲबट ह्या दोन वृत्तपत्रवाल्यांनी 'ट्रिव्हियल परस्यूट' हा पटावरचा खेळ काढला. पाचेक वर्षांत तो घराघरांत पोचला. फ्रेड वर्थ ह्या लेखकाने त्याआधी ट्रिव्हियाचा कोश लिहिला होता. कुणी ढापलंच तर पकडता यावं म्हणून त्याने त्यात एक खोटी नोंद पेरली. टीव्हीवरच्या कोलंबो ह्या गुप्तहेराचं पाळण्यातलं नाव फिलिप, अशी. झालं! खेळाच्या कार्डावर 'फिलिप' छापून आलं. १९८४ मध्ये वर्थने तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी कबूल केलं की हो, त्या पुस्तकातून माहिती घेतली, इतर पुस्तकांतूनही घेतली. आणि वर्थ हरला. १९८७ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच सांगितलं, की माहितीवर कुणाची मालकी नसते.

माहितीवर मालकी नाही! ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर कानावर पडू देणंसुद्धा पाप ठरवलं होतं, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पण त्याच गोष्टीत दुसरा धडाही आहे. छापलेलं सगळं खरं नसतं. एकाने खोटं पेरलं, दुसऱ्याने न तपासता उचललं आणि लाखो घरांत ते 'बरोबर उत्तर' होऊन बसलं.

आपल्याकडे तर असे फिलिप पावलोपावली आहेत. एका तालुक्याच्या गावी झालेल्या स्पर्धेला मी श्रोत्यांत होतो. प्रश्न आला, भारताची राष्ट्रभाषा कोणती? आमच्या वस्तीतला नववीतला पोरगा उठला. म्हणाला, "राष्ट्रभाषा असं घटनेत कुठंच नाय. कलम ३४३ मध्ये हिंदी संघाची राजभाषा आहे." परीक्षकांनी कागद बघितला, म्हणाले, "चूक. हिंदी." टाळ्या पडल्या. पोरगं खाली बसलं. बाबासाहेबांच्या घटनेतलं कलम तोंडपाठ असणारा चुकला आणि बाजारातलं पुस्तक जिंकलं.

हॉकीचंही तसंच. राष्ट्रीय खेळ हॉकी, असं पिढ्यान् पिढ्या घोकलं गेलं. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारलाच विचारलं, तर उत्तर आलं की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. एवढ्याशा पोरीने एक अर्ज लिहिला आणि सगळ्या गाईडांचं पान फाटलं.

गरिबाला उत्तर आलं की मात्र पहिला संशय चोरीचा. विकास स्वरूप यांच्या २००५ च्या कादंबरीत हेच आहे. वेटरचं काम करणारा पोरगा सगळी उत्तरं देतो, म्हणून पोलीस त्याला धरून बडवतात. ती कादंबरी झाली. खरी गोष्ट अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीची. शाळेत पोरांची खिचडी शिजवून महिन्याला दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बबिता ताडे २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. देशाने तोंडात बोट घातलं. मी विचारतो, का घातलं? चुलीपुढे बसणाऱ्या बाईला काही ठाऊक नसतं, असं कुणी ठरवलं होतं?

तेव्हा ह्या खेळाला नावं ठेवून आपलं भागणार नाही. उत्तरं देऊन बक्षिसं मिळवायची ती मिळवाच. पण आता प्रश्न काढायला बसा. आजवर प्रश्न त्यांचा आणि उत्तर देताना घाम आपला, हा हिशेब बदलायचा आहे. पैसा लागत नाही. वही पुरते, मोबाईल असेल तर गावोगाव पोचतो.

मी तीन काढून ठेवतो.

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी कोण? मुक्ता साळवे.

माणसाकडून हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारे कायदे देशाला किती वेळा करावे लागले? दोनदा. १९९३ आणि २०१३. दुसऱ्यांदा का करावा लागला, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका शब्दात मावत नाही.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा, अस्पृश्य समाजातून आलेला डावखुरा गोलंदाज १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला. तो कोण? बाळू पालवणकर.

हा तिसरा प्रश्न काहींना टोचेल. टोचू द्या. आपल्याला सोयीचे तेवढेच प्रश्न काढले, तर आपल्यात आणि त्या परीक्षकात फरक काय राहिला? माहिती दोन ठिकाणी तपासा. सालाबद्दल खात्री नसेल तर प्रश्न फाडून टाका. नुसतं पाठांतर मोजणारा प्रश्न काढू नका. ऐकणाऱ्याला डोकं चालवून उत्तरापर्यंत जाता आलं पाहिजे, अशी वाट प्रश्नातच ठेवा. आणि समोरच्या पोराने तुमच्या कागदाहून वेगळं उत्तर दिलं, तर आधी त्याला विचारा, "कशावरून?" तो सांगेल ते ऐका. त्याचं खरं निघालं तर कागदावर काट मारा आणि मार्क त्याला द्या.

पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने दहा प्रश्न पाठवा, उत्तरं आणि पुराव्यांसकट. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, गिरणीत राबलेल्यांना विचारा, खिचडी शिजवणाऱ्या बायांना विचारा. तिठ्यावर उभे राहा आणि विचारा.