सीडी लावायला रूट कशाला?

मंडळी, विषय जुनाच आहे. "मामा, आता सीडी वापरतं कोण?" असं आमचे भाचेराव म्हणतात. पण परवा त्यांनीच मला बजावलं, की युनिक्सवर साध्या वापरकर्त्याला सीडी माउंट करू देणं म्हणजे सुरक्षेशी खेळ. झालं, माझं डोकं तापलं.

युनिक्समध्ये सीडी नुसती ड्राइव्हमध्ये सरकवून भागत नाही. ती फाइलींच्या झाडाला जोडावी लागते आणि तो अधिकार मुळात रूटचा. त्याला कारणही आहे. रॉक रिज पद्धतीच्या सीडीवर फाइलींचे मालक आणि परवानग्याही येतात. कुणी रूटच्या मालकीचा सेटयूआयडी प्रोग्रॅम घालून आणला, तर तो चालवणारा क्षणात रूट! हे मला मान्य.

पण म्हणून काय करायचं? 2005 च्या सुमारास आमच्या शाळेत लिनक्सची लॅब होती आणि रूटचा पासवर्ड एकाच सरांकडे. सर निवडणुकीच्या कामाला गेले, की मुलं भूगोलाची सीडी हातात धरून अख्खा तास बसून. शेवटी पासवर्ड कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहिला गेला. (अक्षर माझंच होतं, कबूल करतो.) महिन्याभरात एका हुशार कार्ट्याने सगळ्यांच्या फाइली उडवल्या. ही कडक शिस्तीची कमाई!

एका शब्दाने हे टळलं असतं हो. एफएसटॅब फाइलीत सीडीच्या ओळीत 'युजर' लिहायचं. त्याबरोबर नोसुइड, नोएक्झेक, नोडेव ही तीन कुलपं आपोआप लागतात. सीडी वाचता येते, पण तिच्यावरचा प्रोग्रॅम थेट चालत नाही. मग भीती कसली?

एक खोच मात्र आहे. 'युजर' लिहिलं, तर रूट सोडून फक्त जोडणाऱ्यालाच ती काढता येते. सकाळच्या सत्रातला मुलगा सीडी तशीच ठेवून घरी गेला, की दुपारचा बटण दाबत बसतो, ट्रे काही उघडत नाही. तिथे 'युजर्स' हवं. जन्मभर एकवचन-अनेकवचन शिकवलं, पण त्याचा असा हिसका तेव्हा पहिल्यांदा कळला.

असो. घरच्या संगणकावर मी 'युजर्स' लिहून टाकलं आहे. सूनबाई नातवाच्या बारशाची सीडी लावते, पाहते, काढते. मला हाक मारावी लागत नाही.

भाचेराव, दिवाळीला याल तेव्हा खरं सांगा, तुमच्या ऑफिसात रूटचा पासवर्ड किती जणांना तोंडपाठ आहे?