मधाला विरजण

साजूक तूप रवाळ झाले म्हणजे घरची गृहिणी वाटी पुढे करून ते चारचौघांना कौतुकाने दाखवते. मध रवाळ झाला की मात्र बाटली उजेडात धरून निकाल दिला जातो, ‘साखर घातली मेल्याने!’ तुपाच्या कणीला शाबासकी आणि मधाच्या कणीवर खटला!

असा एक खटला आमच्या घरीही चालला आणि त्यात न्यायाधीश मीच होतो. दारावर येणाऱ्या एका मधवाल्याने कार्तिकात बाटली दिली होती. पौषात तो पैसे न्यायला आला, तेव्हा तळाशी दोन बोटे रवा साचलेला. मी तो त्याच्यापुढे धरला. “साहेब, मोहरीच्या फुलांचा मध आहे, थंडीत गोठणारच,” एवढेच तो म्हणाला. मी ऐकले नाही. बाटली उंबऱ्यावर ठेवून, पैसे न घेताच तो जिना उतरला.

संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याने ती चव घेतली आणि माझीच शिकवणी घेतली. मधात पाणी पाचव्या हिश्शाहूनही कमी. बाकी मुख्यतः दोन शर्करा, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. यांतले ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, म्हणून ते हळूहळू कणांच्या रूपाने बाहेर येते. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, म्हणून तो लवकर गोठतो. गोठणे हा भेसळीचा पुरावा नव्हे. आणि शुद्धतेचाही नव्हे. ती परीक्षा प्रयोगशाळेतच व्हायची.

“मग हा खरखरीत रवा खायचा कसा?” सौ.ने विचारले. उत्तर ऐकून आमच्या आईला हसू आले, कारण ते विरजणाचेच होते. मध आपल्या मर्जीने गोठला तर कण थोडे पण मोठे होतात. त्याला आधीच असंख्य बारीक कण दिले, तर ग्लुकोज त्या सर्वांवर वाटले जाते. एकही कण जिभेला लागण्याइतका वाढत नाही. मध लोण्यासारखा मऊ बसतो. अमेरिकेत एल्टन डाइस यांनी या कृतीचे पेटंट १९३५ साली घेतले.

कृती घरची आहे. ४५० ग्रॅम पातळ मध घ्या. त्यात कण असतील तर बाटली कोमट पाण्यात उभी करून ते विरघळू द्या. विस्तवावर ठेवू नका. मध पुरता निवू द्या, नाहीतर विरजणाचे कणच विरघळतील. ५० ग्रॅम गोठलेला मध कोरड्या खलात घोटा. जिभेला कण लागेनासा झाला की विरजण तयार. ते मधात हलक्या हाताने कालवा. फेटू नका, हवा शिरते. काही तासांनी वर आलेला फेस काढून कोरड्या बरण्या भरा. सुमारे १४ अंश सेल्सिअसला आठवड्याभरात मध बसतो. पुण्यानाशकाकडे हिवाळ्याच्या रात्री हे काम करतात. मुंबईकरांनी फ्रिजमधला भाजीचा कप्पा वापरावा, दिवस थोडे अधिक लागतील. उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास मध पुन्हा सैल होतो. बरणीत ओला चमचा घालू नये, मध आंबतो. आणि शेवटचे ५० ग्रॅम पुढच्या खेपेच्या विरजणासाठी राखावेत.

आज्यांना एक विनंती. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नका, मग तो कितीही शुद्ध असो. त्यात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पहिली बरणी उघडली तेव्हा पोळीवर मध तुपासारखा पसरला. मुलांनी बोटे चाटली. आई म्हणाली, “ज्याच्या रव्याचं हे विरजण, त्याचे पैसे दिलेस का रे?”

दिले नव्हते. दोन दिवाळ्या गेल्या, तो आमच्या जिन्यावर पुन्हा आलेला नाही. दरवर्षी विरजण राखताना त्याची आठवण होते. त्याच्या बाटलीचे पैसे एका पाकिटात घालून फळीवर, बरणीशेजारीच ठेवले आहेत.